दोन तालमी, एक जर्सी

कोल्हापुरात कुठल्याही चहाच्या गाड्यावर उभं राहून एकदा म्हणून बघा, की पाटाकडील आणि खंडोबा या दोन तालमींनी आपापल्या फुटबॉल टीम बंद करून एकच टीम काढावी, पैसा वाचेल, चांगले प्लेअर एका जागी येतील, बाहेरच्या स्पर्धांत नाव होईल. लॉजिक एकदम बरोबर आहे. पण चहा अर्धा व्हायच्या आत कोणीतरी विचारणारच की भावा, तू नक्की कुठल्या पेठेतला. आणि समजा कोणी गंमत म्हणून विषय पुढं नेलाच, तर पहिला प्रश्न पैशाचा नसेल, कोच कोण हाही नसेल. पहिला प्रश्न, नाव कुणाचं पुढं? दुसरा, जर्सी कुठल्या रंगाची? बैठक इथंच मोडणार.

इटलीतल्या जिनोआ शहरात १९४६ साली अशीच एक बैठक बसली आणि ती मोडली नाही. त्यातून जो क्लब निघाला त्याचं नाव साम्पदोरिया. ज्यांना नव्वदच्या आसपासचा फुटबॉल आठवतोय त्यांना व्हिआली आणि मांचिनी ही जोडी आठवत असेल, निळी जर्सी, छातीवर तीन रंगांचे चार पट्टे. मला या क्लबचा नाद लागला तो त्या जोडीमुळंच, पण आता इतक्या वर्षांनी बघताना मला ट्रॉफ्यांपेक्षा ती बैठकच जास्त इंटरेस्टिंग वाटते, कारण त्याच दोन क्लबना त्याआधी एकदा जबरदस्तीनं एकत्र आणलं होतं आणि तो प्रयोग पार आपटला होता. माणसं तीच, गाव तेच, मैदानं तीच, एकदा जमलं नाही आणि एकदा जमलं. का, हे शोधायला मला आवडतं.

आधी गाव समजून घेऊ. जिनोआ म्हणजे बंदर, मागं डोंगर आणि पुढं समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळं शहर दाटीवाटीनं बसलेलं. बंदरावर एक मोठं दीपगृह आहे, त्याला लांतेर्ना म्हणतात, आजचं बांधकाम १५४३ चं आहे, उंची सत्याहत्तर मीटर. या दीपगृहापाशी एक टेकडी होती आणि तिच्या अलीकडं जुनं जिनोआ, पलीकडं साम्पिएरदारेना नावाचं वेगळं गाव. वेगळं म्हणजे खरंच वेगळं, स्वतःची नगरपालिका असलेलं. एकोणिसाव्या शतकात तिथं आन्साल्दो कंपनीचा कारखाना आला, रेल्वे इंजिनं, जहाजांची यंत्रं, लोखंड, धूर, भोंगे. इटलीचं मँचेस्टर म्हणायचे त्या गावाला. म्हणजे एका बाजूला सरदार-व्यापाऱ्यांचे वाडे असलेलं जुनं शहर आणि दुसऱ्या बाजूला गिरणगाव, मधे एक टेकडी.

आता गंमत बघा. या दोन्हीकडं फुटबॉल कुठून आला तर तालमीतून. अक्षरशः. साम्पिएरदारेनेसे ही १८९१ मध्ये निघालेली व्यायामसंस्था, तिथं पोरं जिम्नॅस्टिक करायची, १८९९ मध्ये त्यांनी फुटबॉलचा विभाग काढला. आंद्रेआ दोरिया ही शहरातली व्यायामसंस्था १८९५ ची, सोळाव्या शतकातल्या जिनोआच्या मोठ्या आरमारप्रमुखाचं नाव दिलेली, त्यांचा फुटबॉल १९०० च्या सुमाराला सुरू झाला. मला हे पहिल्यांदा वाचताना हसू आलं, कारण आमच्याकडं बाहेरच्या माणसाला दर वेळी समजावून सांगावं लागतं की फुटबॉल टीमच्या नावात तालीम का असते, कुस्ती आणि फुटबॉलचा काय संबंध. घ्या, आहे संबंध. पोरं व्यायामाला जिथं जमतात तिथंच टीम निघते, मग ते मंगळवार पेठ असो नाहीतर जिनोआच्या लिगुरिया प्रांताचा किनारा.

या दोघांच्या डोक्यावर तिसरा एक होता आणि तो सगळ्यात मोठा. जिनोआ क्लब, १८९३ चा, इंग्रज लोकांनी काढलेला. इटलीत पहिली चॅम्पियनशिप १८९८ मध्ये झाली ती यांनीच जिंकली आणि १९२४ पर्यंत एकूण नऊ जिंकल्या. पैसा, मान, सगळं यांच्याकडं. उरलेले दोघं म्हणजे घरातल्या थोरल्याच्या सावलीत वाढणारी धाकटी, पण अगदीच लुळीपांगळी नव्हती हां. इटलीच्या राष्ट्रीय टीमची पहिली मॅच १९१० च्या मे महिन्यात मिलानमध्ये झाली, फ्रान्सला सहा-दोननं हरवलं, तेव्हा कॅप्टन होता फ्रान्चेस्को काली, आणि तो दोरियाचा प्लेअर होता. दोरियाचं मैदान जिनोआच्या मैदानाला अगदी खेटून, त्याला लोक कायेन्ना म्हणायचे, म्हणजे फ्रेंच लोकांच्या काळ्या पाण्याच्या वसाहतीचं नाव. पाहुण्या टीमला तिथं काय वागणूक मिळत असेल ते नावावरून कळतंच.

आणि साम्पिएरदारेनेसे तर १९२२ मध्ये देशाचा चॅम्पियन व्हायच्या अगदी उंबरठ्यावर होती. त्या वर्षी इटलीत भांडणं होऊन दोन वेगवेगळ्या चॅम्पियनशिप खेळल्या गेल्या, त्यातल्या फेडरेशनच्या चॅम्पियनशिपची फायनल साम्पिएरदारेनेसे आणि नोव्हेसे यांच्यात. पहिली मॅच शून्य-शून्य. दुसरीही शून्य-शून्य. मग तिसरी क्रेमोनामध्ये, तिथं नोव्हेसे दोन-एकनं जिंकली. नोव्ही लिगुरे हे एक छोटंसं गाव, त्यांचं नाव आजही चॅम्पियनच्या यादीत आहे आणि गिरणगावच्या पोरांचं नाही. अशी हुकलेली फायनल गावाच्या मनात किती वर्षं राहते हे मला वेगळं सांगायची गरज नाही, आमच्याकडं लोक जुन्या फायनलमधला ऑफसाइड अजून काल झाल्यासारखा सांगतात.

मग आला मुसोलिनी. आणि त्याच्याबरोबर आली सगळं एकत्र करायची हौस. १९२६ मध्ये सरकारनं जिनोआच्या आसपासच्या एकोणीस नगरपालिका शहरात घालून मोठं जिनोआ केलं, त्यात साम्पिएरदारेनाची नगरपालिका गेली. म्हणजे आधी गावच गेलं. पुढच्या वर्षी, १९२७ मध्ये, क्लबची पाळी. साम्पिएरदारेनेसे आणि आंद्रेआ दोरिया दोन्ही मोडून एक नवा क्लब, नाव ठेवलं ला दोमिनान्ते. सत्ता गाजवणारी, वर्चस्व असणारी, असं काहीतरी भारदस्त. जर्सी काळी. हिरवी कॉलर आणि छातीवर फॅसिस्टांचं चिन्ह. मी ती जर्सी डोळ्यांसमोर आणतो तेव्हा वाटतं, साम्पिएरदारेनाच्या एखाद्या फिटरनं आठवडाभर भट्टीपुढं उभं राहून रविवारी मैदानावर यायचं आणि समोर हे. त्याच्या क्लबची पांढऱ्यावर लाल-काळा पट्टा असलेली जर्सी नाही, दोरियावाल्यांची निळी-पांढरी पण नाही. सरकारी काळं. त्यानं ओरडायचं कुणासाठी?

टीम चालली नाही. देशाची नवी सगळ्यात वरची लीग, सेरी आ, सुरू होणार होती, तिच्यात जागा मिळाली नाही, तिच्या खालच्या सेरी बी मध्ये खेळले, वर चढायला थोडक्यात हुकले. १९३० मध्ये नाव बदलून लिगुरिया केलं, म्हणजे दुकान चालत नाही म्हणून पाटी बदलली, आणि त्याच सीझनला आणखी खाली घसरले. १९३१ मध्ये सरळ मोडलंच ते. दोन्ही क्लब आपापल्या नावानं परत उभे राहिले आणि साम्पिएरदारेनेसेनं तर तीन वर्षांत सेरी आ गाठली. बघा, जबरदस्तीचं नाव काढल्यावर तीच माणसं तीन वर्षांत वर. पण सरकारची खोड गेली नव्हती, १९३७ मध्ये शेजारच्या कोर्निलियानो आणि रिव्हारोलोचे क्लब त्यांच्यात घालून परत लिगुरिया नाव लावलं. नाव पुन्हा गेलं ते युद्ध संपल्यावरच परत आलं.

इथं कोणी म्हणेल की अरे, वरून केलेलं सगळंच फसतं असं कुठं आहे, एएस रोमा पण १९२७ मध्येच रोममधले तीन क्लब एकत्र करून काढली, त्यात पण फॅसिस्ट पुढारीच होता, आणि ती तर जोरात चालली. बरोबर आहे. पण रोमानं काय घेतलं, शहराचं नाव घेतलं, शहराचे पिवळे-लाल रंग घेतले, शहराच्या चिन्हातली लांडगी घेतली. म्हणजे एखाद्याचा जुना क्लब गेला तरी हातात काहीतरी ओळखीचं राहिलं. ला दोमिनान्तेनं सगळं काढून घेतलं आणि बदल्यात एक विशेषण दिलं. माझ्या मते फरक तिथं आहे. हुकूम कुणाचा होता यापेक्षा हातात काय उरलं, हे फॅनच्या बाजूनं जास्त महत्त्वाचं असतं.

युद्धानंतर दोन्ही क्लब परत खेळायला लागले खरे, पण शहराची अवस्था वाईट होती. बंदरावर बाँब पडलेले, कारखाने अर्धवट, पैसा कुणाकडंच नाही. १९४५-४६ चा सीझन साम्पिएरदारेनेसेला अतिशय खराब गेला, दोरियाचं थोडं बरं चाललं होतं पण तिजोरी तिथंही रिकामीच. शेवटी दोन्हीकडच्या लोकांना जे दिसत होतं ते मान्य करावं लागलं, की असंच चालू राहिलं तर शहरात मोठा क्लब एकच उरणार, आणि तो आपला नसणार. मला वाटतं खरं फेव्हिकॉल हेच. एकमेकांवर प्रेम उतू चाललं होतं असं अजिबात नाही. जिनोआ क्लबला एकट्यानं मोकळं रान मिळू द्यायचं नाही, एवढ्या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं. आमच्याकडं सुद्धा कधी दोन तालमी एकत्र आल्याच तर तिसरीच्या खुन्नसपायीच येतील.

१२ ऑगस्ट १९४६ ला सही झाली. नाव कसं ठेवलं तर दोन्ही नावं ठेवली. साम्पिएरदारेनेसे-दोरिया, आणि ते एवढं लांबलचक कोण म्हणणार म्हणून त्याचं साम्पदोरिया. पुढं कोण, हा प्रश्न सुटला असं नाही म्हणणार मी, साम्प आधी आलं आणि दोरियावाल्यांनी ते गिळलं. पण पुढची मजा ही, की आज तुम्ही पेपरात वाचाल तर क्लबला साम्प म्हणतात, टीव्हीवर साम्प म्हणतात, आणि स्टँडमध्ये उभं राहून गाणारी पोरं मात्र दोरिया, दोरिया म्हणून ओरडतात. पेपर एकाला गेला, आवाज दुसऱ्याला. अशी वाटणी कुठल्याही मीटिंगमध्ये ठरवून होत नाही.

आणि जर्सी. ही मी हातात धरून बघितली आहे, एका मित्रानं तिकडून जुन्या बाजारातून आणलेली, नव्वदच्या काळातली, कापड थोडं खरखरीत, मानेजवळ रंग जरा उडालेला. सगळी निळी. छातीवर आडवे पट्टे, वरून पांढरा, मग लाल, मग काळा, मग परत पांढरा. पट्ट्यांच्या बरोबर मधे एक छोटी ढाल, पांढऱ्यावर लाल क्रॉस, म्हणजे सेंट जॉर्जचा, जिनोआ शहराचा. आता हिशोब करा. निळा आणि पांढरा दोरियाचा. लाल-काळा साम्पिएरदारेनेसेचा. ढाल शहराची. सगळ्यांची बाकी मिटवलेली आहे एका कापडावर. कमिटीत बसून डिझाइन केलं की साधारण भयाण काहीतरी निघतं, प्रत्येकाला खूश करायच्या नादात लग्नाच्या बँडचा ड्रेस होतो. इथं मात्र जे निघालं त्याला तिथले लोक जगातली सगळ्यात सुंदर जर्सी म्हणतात आणि मी तरी वाद घालणार नाही. जिनोआ क्लबचे फॅन अर्थात या जर्सीवरून त्यांना सायकलवाले म्हणून चिडवतात, कारण पट्टे सायकल रेसच्या जर्सीसारखे दिसतात. चिडवणं पण ठीकच आहे, जोवर कोणी तुम्हाला टोपणनाव देत नाही तोवर तुम्ही शहरात आहात असं धरत नाहीत.

पहिली डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबची मॅच, लगेच नोव्हेंबरमध्ये झाली. साम्पदोरिया तीन, जिनोआ शून्य. अडीच महिन्यांचा क्लब आणि त्रेपन्न वर्षांचा क्लब. त्या दिवशी संध्याकाळी कारखान्याच्या बाजूचा माणूस आणि शहरातला माणूस एकाच खानावळीत शेजारी बसून ओरडले असतील की नाही मला माहीत नाही, पण मला असं वाटत राहतं की ऑगस्टमधल्या सहीपेक्षा हे तीन गोल जास्त कामाला आले असणार. डर्बीचं नाव पण सुंदर आहे, लांतेर्नाची डर्बी, त्याच दीपगृहावरून, जे या दोन गावांच्या मधे उभं होतं.

दोघं खेळतात एकाच स्टेडियममध्ये, मारासी भागातलं लुइजी फेर्रारिस. हा फेर्रारिस जिनोआ क्लबचा कॅप्टन, पहिल्या महायुद्धात मारला गेला. म्हणजे साम्पवाले आयुष्यभर घरची मॅच बघायला जातात ते दुश्मनाच्या कॅप्टनच्या नावाच्या मैदानात. उत्तरेचा स्टँड जिनोआवाल्यांचा, दक्षिणेचा साम्पवाल्यांचा.

पुढची तीसेक वर्षं मी भरभर सांगतो कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. १९६१ मध्ये चौथा नंबर, १९६६ मध्ये पहिल्यांदा सेरी बी मध्ये घसरण, लगेच वर, परत १९७७ मध्ये खाली. ट्रॉफी एक नाही. मात्र १९६९ मध्ये दक्षिण स्टँडमधल्या पोरांनी एक ग्रुप काढला, तितो कुक्यारोनी या जुन्या अर्जेंटिनी प्लेअरच्या नावानं, आणि त्याच्या आधी अल्ट्रास, म्हणजे कट्टर फॅन, हा शब्द लावला. इटलीत हा शब्द वापरणाऱ्या पहिल्या काही ग्रुपमधला तो एक. ही पोरं बघा, १९४६ नंतर वाढलेली. यांना साम्पिएरदारेनेसे आठवत नव्हती, दोरिया पण आठवत नव्हती, यांनी जन्मापासून एकच क्लब बघितला. मर्जर खरं इथं पूर्ण झालं असं माझं मत आहे, तेवीस वर्षं लागली, आणि मधे एकही कप नव्हता.

मग १९७९ मध्ये मालक म्हणून पाओलो मांतोव्हानी आला. तेलाच्या धंद्यातला माणूस, मूळचा रोमचा. टीम तेव्हा सेरी बी मध्ये. १९८२ ला वर आले, त्याच वर्षी बोलोन्याकडून सतरा वर्षांचा रोबेर्तो मांचिनी घेतला. १९८४ ला क्रेमोनेसेकडून जानलुका व्हिआली. १९८५ ला इटालियन कप, क्लबची पहिली ट्रॉफी, पुढं अजून तीनदा तोच कप. १९८९ मध्ये युरोपियन कप विनर्स कपच्या फायनलला बार्सिलोनाकडून हरले, पुढच्याच वर्षी तोच कप स्वीडनमध्ये अँडरलेक्टला हरवून आणला, दोन्ही गोल एक्स्ट्रा टाइममध्ये, दोन्ही व्हिआलीचे.

आमच्या घरात मात्र व्हिआलीची ओळख उलट्या बाजूनं झाली. १९९० चा वर्ल्ड कप दूरदर्शनवर, रात्रीच्या मॅच, काका उठून बसायचे आणि मला पण उठवायचे. इटलीची अमेरिकेबरोबर मॅच, व्हिआलीनं पेनल्टी पोस्टवर मारली. काका स्वतः तालमीकडून खेळलेले, ते कुणालाच माफ करायचे नाहीत, म्हणाले हा संपला. नंतर सगळा देश स्किलाचीच्या मागं लागला आणि व्हिआली बाजूला पडला. आणि पुढच्याच सीझनला हा संपलेला माणूस सेरी आ चा टॉप स्कोअरर, एकोणीस गोल, आणि साम्पदोरिया चॅम्पियन. त्या काळातली सेरी आ म्हणजे काय होती हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही, माराडोनाचं नापोली, गुलिट-व्हान बास्टेनचं मिलान, माथेउसचं इंटर, आणि या सगळ्यांच्या वर साम्प. १९ मे १९९१, लेच्चेला तीन-शून्य हरवून घरच्या मैदानावर शिक्कामोर्तब. गोलात पाल्यूका, मागं व्हिएर्कोव्होद, मधे पस्तिशी ओलांडलेला ब्राझीलचा सेरेझो, कडेनं पळणारा टकलू लोंबार्दो, आणि बेंचवर कोच वुयादिन बोश्कोव, ज्याचं पंच शिट्टी वाजवतो तेव्हा पेनल्टी असते हे वाक्य इटलीत म्हणीसारखं झालंय. सेरी आ ची ती त्यांची एकच चॅम्पियनशिप. आजपर्यंत एकच.

पुढच्या वर्षी युरोपियन कपची फायनल, लंडनच्या वेम्ब्लीत, परत बार्सिलोना. ११२ व्या मिनिटाला कूमानची फ्रीकिक, एक-शून्य. व्हिआलीनं मॅचमध्ये चान्स घालवले होते. तो त्या उन्हाळ्यात युव्हेन्तुसला गेला, मांतोव्हानी ऑक्टोबर १९९३ मध्ये वारला, मांचिनी १९९७ पर्यंत थांबला, आणि १९९९ मध्ये टीम परत सेरी बी मध्ये. एवढ्या लवकर.

कोलकात्याचं आठवतंय का, २०२० मध्ये? मोहन बागान, १८८९ चा क्लब, १९११ मध्ये अनवाणी खेळून ब्रिटिश पलटणीकडून आयएफए शील्ड जिंकलेला, आणि एटीके, २०१४ ची फ्रँचायझी. एकत्र करून नाव ठेवलं एटीके मोहन बागान. जर्सी हिरवी-मरून ठेवली, ते शहाणपणाचं केलं. पण नावात पुढं एटीके, आणि स्टँडमध्ये तीन वर्षं बॅनर, रिमूव्ह एटीके. शेवटी मार्च २०२३ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला बंगळुरूला पेनल्टीवर हरवून ट्रॉफी जिंकली आणि त्याच रात्री मालकांनी जाहीर केलं की एटीके काढतोय. म्हणजे ट्रॉफी आणून सुद्धा लोकांनी नाव पचवलं नाही. तिथं मुळात दोन बाजूच नव्हत्या, असं मला वाटतं. साम्पिएरदारेना आणि दोरियाकडं दोन्हीकडं देण्यासारखं काहीतरी जुनं होतं, म्हणून देवाणघेवाण झाली. सहा वर्षांच्या फ्रँचायझीकडं तीन ट्रॉफ्या होत्या, पण आज्जाची जर्सी कुणाच्याच घरात नव्हती. आणि ट्रॉफीच्या बदल्यात नाव, हा सौदा कुठलाच फॅन करत नाही.

साम्पची त्यानंतरची वर्षं म्हणजे चढउतार, उतार जास्त. २०१० मध्ये चौथा नंबर आणला आणि पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, घसरले. त्या सीझनच्या डर्बीत इंज्युरी टाइमच्या अगदी शेवटी जिनोआच्या बोसेल्लीनं गोल मारला आणि यांच्या रेलिगेशनला हातभार लावला, नंतर जिनोआच्या फॅननी शहरातून साम्पची चक्क अंत्ययात्रा काढली, खोटी तिरडी, बँड, सगळं. दुष्टपणा म्हणा पण शेजारी असावा तर असा. परकं कोण काढतंय तुमची तिरडी? दहा-अकरा वर्षांनी, एप्रिल २०२२ च्या डर्बीत, जिनोआला शेवटच्या क्षणी पेनल्टी मिळाली आणि साम्पच्या गोलकीपरनं ती अडवली, जिनोआ त्या वर्षी खाली गेले. फिटंफाट.

मधे एकदा सगळ्या जगानं साम्पदोरिया बघितली आणि बऱ्याच जणांना ते कळलं पण नाही. जुलै २०२१, युरोची फायनल, इटलीनं इंग्लंडला पेनल्टीवर हरवलं, कोच मांचिनी, आणि त्याच्या स्टाफमध्ये कॅन्सरशी झगडणारा व्हिआली. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. मैदान वेम्ब्ली, नवीन बांधलेलं, पण जागा तीच जिथं १९९२ ला हरले होते. त्या बेंचवर लोंबार्दो पण होता. व्हिआली जानेवारी २०२३ मध्ये गेला, अठ्ठावन्न वर्षांचा. त्याच सीझनला क्लब परत सेरी आ मधून खाली गेला, इतके कर्जात की क्लब राहतो की नाही हाच प्रश्न होता.

आणि मग २०२५ चा मे, ज्यात साम्पदोरिया इतिहासात पहिल्यांदा सेरी सी मध्ये गेली. तिसऱ्या दर्जात. मी ती शेवटची मॅच फोनवर बघत होतो, शून्य-शून्य, खरं सांगायचं तर टीम भंगार खेळत होती, बघवत नव्हतं. जिनोआच्या बाजूला फटाके. पण काही दिवसांनी ब्रेशाचे पैशांच्या भानगडीत पॉइंट कापले गेले आणि साम्पला सालेर्नितानाबरोबर दोन मॅचची एक शेवटची संधी मिळाली. कोच म्हणून जुना प्लेअर एव्हानी, मदतीला लोंबार्दो, आणि पडद्यामागं मांचिनी पण धावपळ करत होता म्हणे. घरी दोन-शून्य जिंकले, सालेर्नोत दोन-शून्यनं पुढं असताना तिथल्या प्रेक्षकांनी राडा केला म्हणून मॅच थांबली, ती यांना तीन-शून्य दिली. वाचले. नियमाच्या फटीतून, दुसऱ्याच्या चुकीनं, पण वाचले.

काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, कुठली, ती पट्ट्यांची टीम? अजून आहे व्हय?